न बांधलेल्या देवळाचे चित्र

देवळाच्या जीर्णोद्धाराचा विचार निघाला की पूर्वी पहिले काम होई ते मापे घेण्याचे. आज पहिले काम होते ते चित्र करविण्याचे. हे चित्र साधे नसते. भिंतीवरचे ऊन, फरशीतले प्रतिबिंब, दीपस्तंभाची लांबत गेलेली सावली, तळीच्या पाण्यात उतरलेला कळस, हे सारे त्यात इतके हुबेहूब असते की पाहणाऱ्यास वाटावे, देऊळ बांधून झाले आहे आणि कोणी परवाच त्याचे छायाचित्र घेतले आहे. वास्तुविशारद याला रेंडर म्हणतात. ते कुंचल्याने रंगविलेले नसते. नकाशातील मापांवरून संगणकात देवळाची त्रिमिती प्रतिकृती उभारतात आणि मग एखादे सॉफ्टवेअर त्या प्रतिकृतीवर कल्पित सूर्याचा प्रकाश पाडून चित्र सिद्ध करते. हेच चित्र देणगीच्या आवाहनावर छापले जाते आणि मुंबई, बेळगाव, कुमठा, मंगळूर येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या कुळाव्यांच्या हाती पोचते. त्यांतील कित्येकांना देवळाच्या चौकात उभे राहण्याचा योग वर्षातून एकदाच, तोही जत्रेच्या गर्दीत, येतो. त्यांच्यापुरते ते चित्र म्हणजेच होणारे देऊळ.

असे चित्र कोणत्या सॉफ्टवेअरवर करवावे, हा प्रश्न समितीपुढे आला म्हणजे तो तांत्रिक समजून एखाद्या उत्साही तरुण अभियंत्यावर सोपविला जातो. कोणते स्वस्त, कोणते जलद, कोणाचे चित्र अधिक देखणे, एवढ्या तीन कसोट्यांवर निवड उरकते. आमच्या मते हा प्रश्न मुळात नीतीचा आहे, आणि या तीन कसोट्यांत नीतीची एकही कसोटी नाही.

प्रथम साधनांचा विचार करू, कारण साधन नीट न कळता केलेला नीतिविचार हवेतच राहतो. उजेड वस्तूवर पडतो, तिच्यावरून उसळतो, दुसऱ्या वस्तूवर जातो आणि असा फिरत फिरत डोळ्यांपर्यंत येतो. प्रकाशाच्या या देवघेवीचे एक सर्वसमावेशक समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडले. आजची बहुतेक रेंडर-सॉफ्टवेअरे त्या समीकरणाचे कमीअधिक काटेकोर उत्तर काढतात. बल्गेरियात स्थापन झालेल्या केऑस या संस्थेचे व्ही-रे, प्राग येथे जन्मलेले कोरोना आणि ब्लेंडरमधील सायकल्स ही साधने असंख्य किरणांचा माग काढीत चित्र सावकाश पक्व करतात. लुमियन, ट्विनमोशन, एन्स्केप यांसारखी साधने हिशेबात काही तडजोडी करून चित्र क्षणार्धात डोळ्यांपुढे उभे करतात आणि त्याबरोबर झाडे, माणसे, ढग, वाहने यांचा तयार संग्रहही पुरवितात. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत तयार झालेले रेडियन्स हे तिसऱ्या जातीचे. त्याचा मुख्य हेतू चित्र देखणे करणे हा नाही. एखाद्या दालनात अमुक वेळी किती उजेड असेल हे अंकांत सांगणे, हा आहे. आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी साधने आली आहेत की त्यांना नकाशाही लागत नाही. चार ओळींचे वर्णन दिले की देवळाचे चित्र तयार! त्या चित्रामागे माप नाही, खांबांची संख्या नाही, पाया नाही, काहीच नाही.

यंत्राला नीती नसते हे खरे. परंतु प्रत्येक यंत्र आपल्या कर्त्याचा कल घेऊन येते. काही न सांगता सॉफ्टवेअर जे करते, त्यात त्या कर्त्याने काय इष्ट मानले ते दिसते. ज्याचा जन्म मुख्यतः घरे विकण्यासाठी लागणारी चित्रे करण्यात गेला, त्याचे आकाश न सांगताही निळे येते आणि गवत न सांगताही हिरवे. म्हणून साधनाची निवड करताना आपण एका स्वभावाची निवड करीत असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. जे अद्याप झालेलेच नाही, त्याच्या चित्राला खरे किंवा खोटे म्हणता येईल काय? पूर्वपक्ष असा की म्हणता येणार नाही. खरेपणा म्हणजे असलेल्या वस्तूशी जुळणे. वस्तूच नाही तेथे जुळणार कशाशी? शिवाय, हा पक्ष पुढे म्हणेल, सुंदर करून दाखविणे हा चित्राचा धर्मच आहे. आपण देवाला अलंकार घालतो, पालखी सजवितो, देऊळ तोरणांनी मढवितो. मग न झालेल्या देवळाला चित्रात थोडे सजविले तर बिघडले कोठे? सुंदर चित्राने मनात भक्ती जागी होत असेल आणि हात सैल होत असेल, तर त्यात कोणाचे नुकसान?

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. आपल्या परंपरेनेही चित्राला एकाच मापाने मोजलेले नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्राने चित्राचे सत्य, वैणिक, नागर आणि मिश्र असे चार प्रकार सांगितले आहेत. लोकांतील वस्तूंशी सादृश्य राखणारे ते सत्य. म्हणजे सादृश्य हा चित्राचा एक प्रकार आहे, त्याचे संपूर्ण क्षेत्र नव्हे. इतर प्रकारची चित्रे सादृश्य राखीत नाहीत म्हणून त्यांना कोणी असत्य म्हटले नाही, कारण ती सादृश्याचा दावाच करीत नाहीत. अलंकाराचेही तसेच आहे. मूर्तीवरचा अलंकार हा अलंकार आहे हे पाहणाऱ्यास ठाऊक असते. तो लपून राहत नाही. दोष सजावटीत नाही. सजावट ही वस्तुस्थिती म्हणून पुढे केली जाते, तेथे दोष उत्पन्न होतो. रेंडरचा तर सारा दावाच सादृश्याचा आहे. ते स्वतः होऊन 'सत्य' या पहिल्या पंक्तीत जाऊन बसते, आणि तेथे बसले की त्या पंक्तीचे नियम त्याला लागू होतात.

मग नसलेल्या वस्तूशी सादृश्य कसे मोजावयाचे? याचे उत्तर आपल्या भाषांतच आहे. मराठीत आपण शब्द देतो, कोंकणीत 'उतर' देतो. दोन्ही भाषांत बोलण्याला आणि वचनाला एकच नाव आहे. वचन हे नेहमी न झालेल्या गोष्टीविषयीच असते, तरी ते खरे किंवा खोटे ठरते. देणगीच्या आवाहनावर छापलेले चित्र हे असेच वचन आहे. दाता पैसे देतो ते त्या चित्रातील देवळाला. उभे राहणारे देऊळ वेगळे असणार हे घेणाऱ्यास आधीपासून ठाऊक असेल, तर दान एका देवळाला दिले गेले आणि खर्चले गेले दुसऱ्यावर. दात्याचे पुण्य त्याने कमी होत नसेल. पण घेणाऱ्याच्या माथी जे येते त्याला दुसरे नाव शोधावे लागेल.

या बाबतीत व्यवहाराचा कायदाही आता बोलू लागला आहे. २०१६ च्या स्थावर मालमत्ता अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार, जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना-सदनिका यांतील खोट्या माहितीवर विसंबून कोणी आगाऊ रक्कम दिली आणि त्यात त्याचे नुकसान झाले, तर बांधणाऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे. घेणाऱ्याला व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागण्याचीही मुभा आहे. हे संरक्षण घर विकत घेणाऱ्यासाठी आहे. देवळाला देणगी देणारा काही विकत घेत नाही, म्हणून तो या कलमाच्या छायेत येत नाही. परंतु यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? बिल्डरने दाखविलेल्या चित्राला कायद्याने जबाबदारी आणि देवस्थानाने दाखविलेल्या चित्राला काहीच नाही, हा निष्कर्ष कोणत्याही महाजनास लज्जास्पद वाटेल. जो परत मागू शकत नाही आणि मागणारही नाही, त्याच्यापाशी अधिक काटेकोर राहावयाचे, हीच धर्माची रीत आहे.

येथे कोणी म्हणेल, आमच्या चित्रातील प्रत्येक माप नकाशाबरहुकूम आहे. खोटे असे त्यात काहीच नाही. हा युक्तिवाद तपासण्यासाठी महाभारताहून चांगली जागा नाही. अश्वत्थाम्याविषयी युधिष्ठिराने उच्चारलेले वाक्य अक्षरशः खरे होते. त्या नावाचा हत्ती मेलाच होता. तरीही जमिनीवरून चार अंगुळे अधर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. वाक्य खरे होते. ऐकणाऱ्याच्या मनात उमटावयाचे म्हणून जे योजले होते ते खोटे होते. चित्राच्या बाबतीत ही गोष्ट किती सहज घडते ते पाहा. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला पन्नास मिलिमीटरचे भिंग लावले तर दृश्याची खोली डोळ्याला सहज वाटते. अठरा मिलिमीटरचे लावले तर लहानसा चौकही मैदानासारखा पसरतो. सॉफ्टवेअरमध्ये हे भिंग बदलणे हा एका आकड्याचा खेळ आहे. एकाही खांबाचे माप न बदलता चौक दुप्पट दिसू शकतो. उजेडाचेही असेच. भर दुपारी उघड्या चौकात प्रकाश लाखभर लक्सपर्यंत असतो. समईच्या उजेडातील गर्भकुडीत तो दहा-वीस लक्सही नसतो. सॉफ्टवेअर ही दोन टोके आपोआप जुळवून घेते आणि एकाच चित्रात चौकही लख्ख व देवही लख्ख दिसतो. प्रत्यक्षात मात्र उन्हातून आत आलेल्या भक्ताचे डोळे स्थिरावेपर्यंत तेथे अंधारच असतो, आणि त्या अंधारातून हळूहळू मूर्ती उमलणे हाच आपल्या दर्शनाचा अनुभव आहे. असल्या चित्राने समितीचीही फसगत होते. मंडप आहेच उजळ असे समजून ती एकही झरोका वाढवीत नाही. देऊळ झाल्यावर दिवसा विजेचे दिवे लावावे लागतात. रेडियन्ससारख्या रुक्ष साधनाचे मोल येथे कळते. ते चित्रापेक्षा आकडा देते, आणि आकडा खुशामत करीत नाही.

सूर्याच्या जागेविषयी तर विशेष सावध असावे. गोव्याचा अक्षांश सुमारे साडेपंधरा अंश उत्तर. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर पूर्वपश्चिम रेषेच्या दक्षिणेसच राहतो. उत्तराभिमुख दर्शनी भिंतीवर या सहा महिन्यांत त्याचा सरळ किरण एकदाही पडत नाही. आपल्या कित्येक मोठ्या जत्रा नेमक्या याच काळात, कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांत येतात. मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस सरकतो तो मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि तेव्हा बराच काळ आभाळ भरलेले असते. असे असता उत्तराभिमुख देवळाच्या दर्शनी भागावर जत्रेच्या दिवशीचे सोनेरी ऊन दाखविणारे चित्र म्हणजे आकाशाविषयीची खोटी साक्ष होय. जुन्या स्थपतींना ही दिशांची जाण होती. तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेवाचे देऊळ दाट रानात असूनही पूर्वाभिमुख आहे. आज चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये गावाचा अक्षांश, तिथीचा दिनांक आणि घटका घालण्याची सोय असते. घातले की सूर्य आपल्या खऱ्या जागी जाऊन उभा राहतो. ही सोय वापरणे न वापरणे करणाऱ्याच्या हाती आहे. ती वापरली की नाही, हे विचारणे समितीच्या हाती आहे.

आणि पाऊस? आपल्याकडे वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिरा काळवंडतो, चुन्यावर शेवाळ चढते, कौलांवर हिरवी लव येते. तयार संग्रहातील गुळगुळीत दगड आणि परदेशी झाडे या देवळाला कोठल्या तरी कोरड्या मुलखात नेऊन ठेवतात. चैत्रातल्या सकाळचे एक चित्र मागितले, तर आषाढातल्या दुपारचेही एक मागावे. जे देऊळ दुसऱ्या चित्रातही मनास भावते, ते बांधण्यास योग्य.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे, आणि तो सर्वांत प्रामाणिक चित्रातही शिरतो. हुबेहूब चित्राला अनिश्चित असे काही दाखविताच येत नाही. शिखर घुमटाकार करावयाचे की कौलारू, मंडपाचे खांब चिऱ्याचे की काँक्रीटचे, हे समितीत ठरलेले नसते. पण चित्राला काहीतरी दाखवावे लागते, म्हणून ते दाखविते. पाहणारा समजतो, ठरले. पुढे बदल झाला की त्याला वाटते, आपणांस फसविले. रेषेच्या चित्रात ही अडचण नसते. भोपाळनजीक भोजपूर येथे राजा भोजाच्या काळातील, म्हणजे अकराव्या शतकातील, शिवाचे जे अपुरे देऊळ उभे आहे, त्याच्या भोवतीच्या खडकांवर स्थपतींनी कोरलेली रेखाटने आजही दिसतात. खांब, कळस, देवळाचे तलविन्यास. देऊळ पुरे झाले नाही, रेषा मात्र राहिल्या. त्या रेषांत ऊन नाही, सावली नाही, कोणाला मोहविण्याचा हेतू नाही. त्या काम करणाऱ्याला माप सांगतात आणि पाहणाऱ्याला इतकेच सांगतात की हे असे योजिले आहे. म्हणून जोपर्यंत गोष्टी ठरावयाच्या आहेत, तोपर्यंत हुबेहूब चित्र करवूच नये. रेषांचे, रंगाविना चित्र दाखवावे. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असे साधे चित्र करण्याची सोय असते. ती दरिद्री समजून वगळली जाते. खरे पाहता ती नम्र असते.

भोजपूरच्या खडकांतून आणखी एक बोध घेता येतो. ती रेखाटने वाचावयास आज हजार वर्षांनी कोणाची अनुज्ञा लागत नाही. आपण संगणकात केलेली प्रतिकृती दहा वर्षांनी उघडेल काय? वर्गणीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची वर्गणी थांबली की आपलीच प्रतिकृती आपणांस परकी होण्याचा संभव असतो. समित्या बदलतात, वास्तुविशारद बदलतात, देवस्थान राहते. देवस्थानाच्या पैशाने झालेली वस्तू देवस्थानाच्या हाती राहिली पाहिजे, हा न्याय जमिनीला लागतो तसाच या प्रतिकृतीलाही लागतो. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी प्रतिकृती आयएफसीसारख्या खुल्या, जगन्मान्य स्वरूपात देवस्थानाच्या दप्तरी जमा करून घ्यावी. या दृष्टीने ब्लेंडरचा इतिहास आपल्या मंडळींस जवळचा वाटेल. ते नेदरलंड्समधील एका व्यवसायाचे साधन होते. तो व्यवसाय बुडाला तेव्हा त्याचे जनक टोन रोझेनडाल यांनी २००२ साली लोकांकडे वर्गणी मागितली आणि सात आठवड्यांत जमलेल्या एक लाख युरोंनी ते साधन सर्वांसाठी कायमचे मुक्त केले. वर्गणीतून उभे राहिलेले आणि कोणा एकाचे नसलेले, असे ते आहे. देवळेही अशीच उभी राहिली. एवढ्यावरून ते प्रत्येक वेळी श्रेष्ठ ठरते असे मात्र नव्हे. ते शिकण्यास वेळ लागतो, आणि अर्धवट शिकलेल्या हातात कोणतेही साधन खोटेच बोलते. जो वास्तुविशारद व्ही-रे किंवा ट्विनमोशन मनापासून जाणतो, त्याने तेच वापरावे. प्रश्न साधनाच्या नावाचा नाही, त्याच्याकडून काय वदवून घेतले याचा आहे. एकाच जातीच्या साधनाला मात्र येथे जागा नसावी. जे नकाशावाचून चित्र देते त्याला. ज्या चित्रामागे मापच नाही, त्याला जाब विचारता येत नाही. आणि ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्या नावावर देणगी मागू नये.

तेव्हा निवडीची कसोटी एका वाक्यात सांगावयाची तर ती अशी: ज्या साधनाने केलेल्या चित्राला पुढे जाब विचारता येईल, ते निवडावे. हे कसे साधावे, याचा पाठ आपण रोज गिरवितोच. पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आपण नुसती इच्छा बोलून दाखवीत नाही, देशकालोच्चार करतो. कोठे, कोणत्या संवत्सरी, कोणत्या मासी, कोणत्या तिथीस, कोण, कशासाठी, हे सारे उच्चारल्यावाचून संकल्प होत नाही. कारण देश आणि काल सोडून केलेली इच्छा कोणालाच बांधीत नाही. रेंडर हाही संकल्पच आहे. त्याच्या खाली चार ओळी छापाव्यात: हे दृश्य अमुक स्थळी उभे राहून, अमुक महिन्यातील अमुक वेळेचे, भिंग अमुक, यांतील अमुक गोष्टी ठरल्या आहेत व अमुक ठरावयाच्या आहेत, झाडे व माणसे कल्पित आहेत.

अशा ओळींनी चित्राची मोहिनी थोडी उतरेल आणि देणगी थोडी घटेल, ही भीती खोटी नाही. ती पत्करावी. पंचवीस वर्षांनी कोणी कुळावी ते जुने आवाहन हातात घेऊन चौकात येईल आणि चित्र व देऊळ ताडून पाहील. त्याला जे वेगळे दिसेल, ते वेगळे होईल असे त्या चित्राखालीच लिहिलेले असावे.